नवी गाडी घेताना भाव कसा करावा: घरच्या तयारीपासून चावी हातात येईपर्यंत

गाडी विकणारा माणूस रोज हेच बोलणं करतो. घेणारा कित्येक वर्षांतून एकदा शोरूममध्ये जातो, तेही नवी गाडी मनात भरलेली असताना. बोलण्याच्या सरावात त्याच्याशी बरोबरी होणार नाही आणि तिची गरजही नाही. बरोबरी करायची ती माहितीत, आणि ती जवळजवळ सगळी घरबसल्या गोळा होते.

माहितीने किती फरक पडतो याचा एक चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात गाडी कंपन्यांच्या दोन प्रकारच्या सवलती ताडून पाहिल्या. पहिल्या प्रकारात कंपनी जाहीरपणे सवलत ग्राहकाला देते. दुसऱ्यात ती डीलरला देते आणि ग्राहकाला त्याचा पत्ता नसतो. जाहीर सवलतीचा ७० ते ९० टक्के भाग ग्राहकाच्या पदरात पडला, तर डीलरला दिलेल्या सवलतीतला फक्त ३० ते ४० टक्के. घासाघीस दोन्हीकडे होत होती. पण पहिल्या वेळी ग्राहकाला काय मागायचं ते ठाऊक होतं.

म्हणून या लेखात बोलण्याच्या क्लृप्त्यांपेक्षा तयारीवर जास्त भर आहे. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट धरून ठेवायची आहे: गाडी रस्त्यावर येईपर्यंतची एकूण किंमत, एका आकड्यात, लेखी.

## डीलरचा पैसा कुठून येतो

हे समजल्याशिवाय भाव करायला बसू नये. गाडी विकून डीलरला मिळणारं मार्जिन हा त्याच्या कमाईचा एक भाग. बाकीचे भाग वेगवेगळ्या ओळींत लपलेले असतात: कर्ज मिळवून दिल्याबद्दल बँकेकडून मिळणारं कमिशन, विम्यावरचं कमिशन, अॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, रंगावरचं कोटिंग, तुमची जुनी गाडी घेऊन पुढे विकण्यातला नफा, आणि नंतर वर्षानुवर्षं चालणारं सर्व्हिसिंग. त्यामुळे गाडीच्या किमतीत मोठी सूट देऊनही डीलर बाकीच्या ओळींतून तेवढेच पैसे परत काढू शकतो. गाडीवरची सूट ऐकून खूश झालेल्या ग्राहकाचं त्या ओळींकडे लक्षही जात नाही.

दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. शोरूममध्ये आणि यार्डात उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक डीलरांनी उधारीच्या पैशांवर घेतलेल्या असतात. गाडी जितके दिवस उभी, तितकं व्याज चढतं. शिवाय ठरावीक मुदतीत ठरावीक गाड्या विकल्या की कंपनीकडून बोनस मिळतो. टार्गेटला दोन गाड्या कमी पडत असतील, तर त्या दोन गाड्या जवळजवळ बिनफायद्याने विकणंही डीलरला परवडतं, कारण बोनस सगळ्या गाड्यांवर मिळणार असतो. 'एवढ्यात परवडत नाही' हे वाक्य म्हणूनच तपासून घ्यावं. एका गाडीच्या हिशोबात न परवडणारा भाव महिन्याच्या हिशोबात परवडू शकतो.

यावरून एक सरळ प्रश्न निघतो: तुम्हाला हवी ती गाडी यार्डात उभी आहे, की तिला वेटिंग आहे? उभी असेल तर बाजू तुमची भक्कम. वेटिंग असेल तर किमतीत फारसं हलणार नाही. त्या परिस्थितीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

## शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी

मॉडेल आणि व्हेरिएंट घरीच ठरवा. शोरूममध्ये ठरवायला गेलात की हमखास वरचा व्हेरिएंट गळ्यात पडतो, कारण दोन व्हेरिएंटमधला फरक तिथे हप्त्याच्या भाषेत सांगितला जातो आणि हप्त्याच्या भाषेत तो किरकोळ वाटतो. सोबत दुसऱ्या कंपनीची एक पर्यायी गाडी खरोखर पसंत करून ठेवा. नुसती धमकी द्यायला म्हणून ठेवली तर समोरच्याला ते लगेच कळतं. रंगाचा हट्ट सोडता आला तर फार बरं. यार्डात आधीच आलेल्या रंगावर जी सूट मिळते ती खास मागवलेल्या रंगावर सहसा मिळत नाही.

टेस्ट ड्राइव्ह आणि भावाची बोलणी एकाच दिवशी करू नका. गाडी नुकतीच चालवून आलेला माणूस मनाने ती घेऊन मोकळा झालेला असतो. टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी 'आज फक्त गाडी बघायला आलोय, कोटेशन नंतर मागवून घेईन' एवढं सांगून निघा. बजेट किती, हप्ता किती झेपेल, गाडी कधीपर्यंत हवी, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी द्यायची नाहीत. विचारलंच तर 'अजून ठरलेलं नाही' हे पुरेसं आहे.

एकूण किती खर्च करायचा तो आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. हा आकडा रस्त्यावर आलेल्या गाडीचा हवा: कर, नोंदणी, विमा, सगळं धरून. आणि तो ओलांडायची वेळ आली तर त्या दिवशी घरी परतायचं, हेही आधीच ठरवून घ्या.

## कर्ज आधी, गाडी नंतर

कर्ज काढणार असाल तर आपल्या बँकेकडून ते आधी मंजूर करून घ्या. मग डीलरकडचं कर्ज हा तुमच्यापुढचा एक पर्याय होतो, आणि डीलर त्याहून चांगला दर देत असेल तर तो आनंदाने घ्यावा. काही वेळा कंपनीची स्वतःची वित्तसंस्था मालाला उठाव यावा म्हणून खरोखर कमी दर देते. मात्र तेव्हा विचारून घ्या: 'या दराने कर्ज घेतलं तर रोख सवलत सुटते का?' पुष्कळदा दोहोंपैकी एकच मिळतं. मग दोन्ही मार्गांनी शेवटपर्यंत एकूण किती पैसे जातात याचा हिशोब मांडायचा.

हप्त्याचं गणित इथे जवळून बघू. समजा कर्ज १,००,००० आहे, चलन कुठलंही धरा. व्याज १० टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढं मुद्दल फेडायचं उरलं आहे तेवढ्यावरच. ३६ महिन्यांची मुदत घेतली तर हप्ता साधारण ३,२२७ बसतो आणि एकूण परतफेड १,१६,१६२ होते. ६० महिन्यांना हप्ता २,१२५ आणि परतफेड १,२७,४८२. ८४ महिन्यांना हप्ता १,६६० पर्यंत उतरतो, पण परतफेड १,३९,४५० च्या घरात जाते. म्हणजे हप्ता निम्म्यावर आला आणि व्याज सोळा हजारांवरून साडेएकोणचाळीस हजारांवर गेलं. गाडीच्या किमतीत कुणी एक पैसाही न वाढवता हे होतं. 'महिन्याला किती झेपेल?' या प्रश्नाचं उत्तर दिलं की डीलर मुदत लांबवून कुठलीही किंमत त्या आकड्यात बसवू शकतो.

तसंच व्याजदर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे नेमक्या शब्दांत विचारा. फ्लॅट दरात तुम्ही मुद्दल फेडत असता तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच आकारलं जातं. पाच वर्षांच्या कर्जावर १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशोबाने सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास. दोन दर शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच पद्धतीचे असले पाहिजेत. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंड हेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

## जुनी गाडी द्यायची असेल तर

तिचा सौदा वेगळा ठेवा. नव्या गाडीचा भाव पक्का झाल्याशिवाय जुनीचा विषय आपणहून काढू नका. दोन्ही एकत्र झाले की एकीकडे वाढवून दुसरीकडे कापायला वाव मिळतो: जुन्या गाडीला अपेक्षेपेक्षा जास्त भाव मिळाला म्हणून आपण सुखावतो आणि नव्या गाडीवरची सूट तेवढीच आटलेली असते.

आधी जुन्या गाड्या घेणाऱ्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून तिची लेखी किंमत काढून आणा. सर्व्हिसची कागदपत्रं, दोन्ही चाव्या, कर्ज फिटल्याचा दाखला जवळ असू द्या. कंपनी 'एक्स्चेंज बोनस' देत असेल तर तो वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा, कारण तो कंपनीकडून येतो आणि गाडीच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. बोनस धरूनही डीलरचा आकडा बाहेरच्या भावापेक्षा कमी पडत असेल तर गाडी बाहेर विका. जुनी गाडी देऊन टाकल्यावर तिचं नाव बदलून दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

## लेखी कोटेशनं गोळा करा

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त पैसे वाचवणारी पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. एकाच कंपनीच्या जमतील तेवढ्या डीलरांना, शेजारच्या गावातलेही धरून, एकच मजकूर पाठवा. तो असा असू द्या:

'मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरिएंट घ्यायचं आहे. रंग या दोनपैकी कुठलाही चालेल. या महिन्यात गाडी घेणार आहे. कर्ज आणि विम्याचं अजून ठरलेलं नाही. तुमच्याकडे गाडी स्टॉकमध्ये आहे का, ती कोणत्या महिन्यात बनलेली आहे, आणि रस्त्यावर येईपर्यंतची एकूण किंमत किती, हे प्रत्येक ओळ वेगळी दाखवून लेखी कळवावं. इतर डीलरांकडूनही कोटेशन मागवलं आहे.'

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. त्यात उद्धटपणा नाही, आणि स्पर्धा आहे हे पहिल्याच निरोपात कळतं. काही जण उत्तरात 'एकदा या, समोर बसून बोलू' म्हणतील. त्यांना एकदा नम्रपणे आठवण करा, 'आधी कोटेशन पाठवा, मग येतो'. तरीही आकडा न देणाऱ्याला बाजूला ठेवा. लेखी आकडा द्यायला जो तयार नाही, तो समोर बसल्यावर दिलेला शब्दही कागदावर उतरवायला खळखळ करतो.

कोटेशनं आली की एका कागदावर आडव्या ओळी आखून मांडा. गाडीची मूळ किंमत सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. सरकारी कर आणि नोंदणीची रक्कम ठरलेल्या दराने येते, तिच्यात डीलर सूट देऊ शकत नाही. पण ती रक्कम दोन कोटेशनांत वेगळी दिसली तर कुणीतरी त्यात काहीतरी मिसळलं आहे, तेव्हा सरकारी दर स्वतः पडताळून घ्या. हलणाऱ्या ओळी वेगळ्या: डीलरची सूट, कंपनीची सूट, हँडलिंग किंवा कागदपत्रांच्या नावाखाली लावलेली रक्कम, अॅक्सेसरीजचा 'पॅक', विमा, एक्स्टेंडेड वॉरंटी. हँडलिंगसारख्या ओळीसमोर एकच प्रश्न लिहा: 'ही रक्कम कशाबद्दल, आणि पावती कुणाच्या नावाची मिळेल?' समाधानकारक उत्तर आलं नाही तर ती ओळ काढायला लावा.

मग सगळ्यांत कमी कोटेशन घेऊन दुसऱ्या डीलरकडे जाता येतं. हे करताना खोटं बोलू नका. नसलेला आकडा सांगितला आणि समोरच्याने 'कागद दाखवा' म्हटलं, की पुढची सगळी बोलणी संपतात. खऱ्या कागदाची गोष्ट वेगळी, तो नुसता टेबलावर ठेवला तरी बोलतो.

## कधी जावं

महिन्याचा शेवटचा आठवडा, त्यातही तिमाहीचा शेवट, टार्गेटमुळे सोयीचा. मॉडेलची नवी आवृत्ती येणार अशी बातमी पक्की झाली की जुन्या आवृत्तीवर सूट वाढते. वर्ष संपताना त्या वर्षी बनलेल्या गाड्या काढून टाकायची घाई असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गर्दी नसते, तेव्हा मॅनेजरला तुमच्यासाठी वेळ असतो.

यात एक मेख आहे. मागच्या वर्षी बनलेली गाडी पुढे विकायला काढाल तेव्हा एक वर्ष जुनी म्हणूनच मोजली जाईल. दहा-बारा वर्षं वापरणार असाल तर हा तोटा विरून जातो आणि सूट घ्यावी. तीन-चार वर्षांत विकायची असेल तर सूट त्या तोट्याहून स्पष्टपणे मोठी असली पाहिजे, नाहीतर चालू वर्षाचीच गाडी बरी.

## टेबलावर बसल्यावर

सोबत एक जण घेऊन जा, आणि कोण बोलणार ते आधी ठरवा. गाडी ज्याला मनापासून आवडली आहे त्याने बोलणी करू नयेत. 'हाच रंग हवा होता ना आपल्याला!' हे एक वाक्य समोरच्याला हवी ती सगळी माहिती देऊन जातं.

पहिलं वाक्य तुमचं असू द्या आणि त्यात कागद असू द्या. बोलणं साधारण असं होतं:

'मला आज निर्णय घ्यायचा आहे. हे दुसऱ्या शोरूमचं कोटेशन. तुमचं शोरूम मला सोयीचं आहे, म्हणून इथे आलो. यापेक्षा चांगला एकूण आकडा देऊ शकाल का?'

'सर, महिन्याला किती हप्ता बसवायचा विचार आहे?'

'हप्त्याचं नंतर बघू. आधी एकूण किंमत.'

'एवढ्यात नाही बसणार सर. पण तुमच्यासाठी सीट कव्हर आणि मॅट फ्री देतो.'

'त्या वस्तू नकोत. त्यांची जी किंमत तुम्ही धरली आहे तेवढी गाडीच्या किमतीतून कमी करा.'

'मॅनेजरना विचारून येतो.'

इथे शांत बसा. तो दहा मिनिटांनी येईल, थोडा कमी आकडा घेऊन येईल आणि 'हा शेवटचा' म्हणेल. तुम्ही लगेच काही बोलू नका. गप्प बसणं अवघड जातं, पण त्या शांततेत बहुतेक वेळा समोरचाच काहीतरी पुढे करतो. मग म्हणा, 'मॅनेजरशी मीच बोलतो, तुम्हाला फेऱ्या नकोत.' सूट मंजूर करायचा अधिकार त्यांच्याकडे असतो, आणि मधला निरोप्या गेला की बोलणी निम्म्या वेळात आटपतात.

फुकटच्या वस्तूंबद्दल थोडं सांगतो, कारण आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार इथे सर्रास चालतो. अॅक्सेसरीजवर डीलरचं मार्जिन मोठं असतं. छापील किमतीने भली मोठी दिसणारी भेट त्याला बरीच स्वस्तात पडते. तेवढ्याच रकमेची रोख सूट तुमच्या खरोखर उपयोगाची, कारण त्याच वस्तू बाहेर पुष्कळ कमी पैशांत मिळतात. रोख सूट अगदीच संपली असं दिसलं, तेव्हा मात्र तुम्हाला मुळातच घ्यायच्या असलेल्या वस्तू मागून घ्या.

'ही ऑफर फक्त आजच' असं ऐकलं तर ऑफरची मुदत लिहून मागा. कंपनीची योजना खरोखर महिनाअखेरीस संपत असेल तर ते कागदावर द्यायला कुणाची हरकत नसते. नुसता घाई करायचा डाव असेल तर कागद येत नाही.

आणि उठून जाता आलं पाहिजे. रागावून नव्हे. 'तुमचा आकडा कळला, माझा तुम्हाला माहीत आहे. जमलं तर संध्याकाळपर्यंत फोन करा' असं म्हणून, नंबर देऊन निघा. गाडी यार्डात उभी असेल आणि तुमचा आकडा वाजवी असेल तर फोन येण्याची शक्यता चांगली असते. नाही आला तर आकडा फार खाली होता हे कळतं, आणि तेही उपयोगाचंच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात तरी त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांना समोरासमोर भाव करणं नको वाटतं त्यांनी सगळी बोलणी फोनवर आणि लेखी निरोपांतूनच करावीत, हे मी आग्रहाने सांगेन. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये केलेल्या एका प्रयोगात तपासनीसांनी जोडीजोडीने ३०० हून अधिक वेळा, अगदी ठरवून दिलेल्या, एकसारख्या शब्दांत नव्या गाडीचा भाव केला. गोऱ्या पुरुषांना सांगितलेले भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावांपेक्षा कमी निघाले. वाक्यं तीच, माणूस बघून आकडा वेगळा. लेखी कोटेशनवर चालणाऱ्या स्पर्धेत समोरच्याला तुमचा चेहरा, कपडे, वय यांवरून अंदाज बांधायला कमी वाव मिळतो.

## वेटिंग असलेली गाडी, ठरलेल्या किमतीची गाडी

मागणी जास्त आणि गाड्या कमी असतील तर मूळ किमतीत सूट मिळत नाही, आणि मागून फक्त वेळ जातो. काही कंपन्या सगळीकडे एकच किंमत ठेवतात, तिथेही डीलरच्या हातात काही नसतं. पण भाव करायची जागा संपत नाही, ती सरकते. सक्तीच्या अॅक्सेसरीज घेणार नाही असं सांगता येतं. विमा बाहेरून काढता येतो. हँडलिंगची ओळ काढायला लावता येते. जुन्या गाडीचा भाव वाढवून घेता येतो.

वेटिंगच्या गाडीत त्याहून महत्त्वाचा मुद्दा: गाडी येईपर्यंत कंपनीने किंमत वाढवली तर कोणती लागू होणार? बुकिंगच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या दिवशीची? हे बुकिंगच्या कागदावर आलं पाहिजे. थांबायची तयारी असेल तर थांबणं हाही भावच आहे. नव्या मॉडेलचा पहिला जोर ओसरला की वेटिंग आटतं, आणि मग सूट देणारे तेच डीलर फोन करू लागतात.

## भाव ठरल्यानंतरची खोली

किंमत ठरली की हात मिळवले जातात आणि तुम्हाला दुसऱ्या माणसासमोर बसवतात. तो कर्ज, विमा, वॉरंटी, कोटिंग बघतो. आपण थकलेलो असतो, मोठा निर्णय झाला म्हणून सैल झालेलो असतो, आणि समोर येणाऱ्या रकमा गाडीच्या मानाने लहान दिसतात. घासाघीस करून वाचवलेले पैसे याच खोलीत परत जातात. इथे सही करायची घाई नसते. सगळे कागद घरी नेऊन वाचून उद्या येतो, असं सांगायला काहीच हरकत नाही.

डीलर विमा काढून देत असेल तर दुसऱ्या दोन विमा कंपन्यांचे दर आधी काढून न्या. तुलना करताना गाडीची विम्यातली किंमत, कव्हर आणि दाव्याच्या वेळी स्वतः भरायची रक्कम सारखीच धरा, नाहीतर स्वस्त दिसणारा विमा पोकळ निघतो. डीलरच्या नेटवर्कमधला विमा अपघातानंतर सोयीचा पडतो हे खरं आहे, पण ती सोय इतर कंपन्यांच्या विम्यावरही मिळते का हे वर्कशॉपमध्येच विचारून घ्या. विक्रीच्या टेबलावर वेगळं उत्तर मिळू शकतं.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, विशेषतः इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या गाडीला. ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, कोणते भाग वगळले आहेत, आणि मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही घेता येते का, हे तीन प्रश्न विचारा. नंतर घेता येत असेल तर आज घ्यायची सक्ती उरत नाही. कोटिंग, अंडरबॉडी स्प्रे आणि तत्सम गोष्टी मी कोटेशनमधून सरसकट काढायला सांगेन. नंतर गरज वाटली तर त्या बाहेर करता येतात.

## बुकिंग

टोकन रक्कम शक्य तितकी कमी द्या. पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, एकूण ठरलेली किंमत, सूट, डिलिव्हरीची तारीख, आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे सगळं हवं. 'ते नंतर टाकू' चालत नाही. पैसे शोरूमच्या खात्यातच भरा, कुणा व्यक्तीच्या खात्यात नाही.

## डिलिव्हरीआधीची तपासणी

ही भावाचाच भाग आहे. नव्या गाडीचे पैसे देऊन वर्षभर यार्डात उभी राहिलेली, वाहतुकीत घासलेली किंवा डेमोला फिरवलेली गाडी घेतली, तर मिळालेली सूट सूट राहत नाही. तपासणी उरलेली रक्कम भरण्याआधी आणि नोंदणीआधी करा. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की बदलून घेणं फार जिकिरीचं होतं.

दिवसाच्या उजेडात जा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. गाडीवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळवा. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी मॉडेल वर्षाचं अक्षर घालतात: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. पण सगळ्याच कंपन्या ही पद्धत पाळत नाहीत, म्हणून बनल्याचा महिना डीलरकडून लेखी घ्या. मग टायर बघा. बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. गाडीच्या तारखेपेक्षा टायर काही आठवडे जुने असणं नेहमीचं आहे. वर्षभर जुने असतील तर विचारा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच काळातले नसतील किंवा टायर गाडीनंतर बनलेले असतील तर ते का बदलले, हेही विचारा.

ओडोमीटरवर यार्ड ते शोरूमपुरतं थोडं अंतर दिसेल. त्याहून बरंच जास्त असेल तर गाडी डेमोची असू शकते. डेमोची गाडी घ्यायलाही हरकत नाही, पण ती डेमोच्या भावात. रंगाकडे तिरकं बघा. एका पत्र्याची चमक शेजारच्यापेक्षा वेगळी असेल, दारांच्या फटी सारख्या नसतील, काचेच्या रबराच्या कडेला रंगाचे कण असतील, तर दुरुस्ती झालेली असू शकते. दिवे, काचा, एसी, सगळे स्विच, टूलकिट, दुसरी चावी, वॉरंटीचं पुस्तक एकेक करून बघा.

दोष सापडला तर दुसरी गाडी मागा. दोष किरकोळ असेल आणि ती गाडी तुम्हाला चालणार असेल, तर त्याची भरपाई किमतीतून कापून मागा आणि कापलेला आकडा बिलावर दिसू द्या. कबूल केलेली एखादी वस्तू आज नाही, 'पुढच्या आठवड्यात लावून देऊ' असं म्हणाले, तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी त्याच कागदावर ती वस्तू आणि तारीख लिहा, मॅनेजरची सही आणि शिक्का घ्या, आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.